नखाएवढी शीळ

कार्ड उडाले तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती, आणि चार वाजता हिचे समोरचे दोन दात काढायचे होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे घरात फक्त मला ठाऊक होते. मोबाइलचे मागचे झाकण काढायचे, कार्डाच्या कडेवर अंगठ्याचे नख टेकवायचे, एकदा आत दाबायचे आणि हळूच सोडायचे. आतली स्प्रिंग कार्डाला अर्ध्यापर्यंत बाहेर आणते, मग ते दोन बोटांनी धरायचे. ही कृती मी चार वर्षांत दोनशे अकरा वेळा बिनचूक केली होती. दोनशे बाराव्या वेळी अंगठा कोरडा होता, की डोक्यात चार वाजत होते, सांगता येत नाही. 'टक्' असा आवाज झाला, काहीतरी काळे डोळ्यांसमोरून गेले, आणि खाच रिकामी दिसली. पडल्याचा आवाज आलाच नाही. करंगळीच्या नखाएवढी, पाव ग्रॅम वजनाची वस्तू (मी मोजलेली आहे) जमिनीवर पडली तर आवाज करीलच असे नाही, हे मला बुद्धीने कळत होते. परंतु छातीत जे काही धसकन खाली गेले त्याला बुद्धीचे शिक्षण मिळालेले नव्हते.

त्या कार्डात हिची शीळ होती. ही शिवणकाम करते असे म्हटले तर ते खरे असूनही अपुरे होईल. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात तेवीस वर्षे ही कापड बेतायला होती, आणि ते काम सुटल्यावर आमच्या पुढच्या खोलीतल्या लांब टेबलावर तेच पुन्हा सुरू झाले. बेतताना हिच्या ओठांत टाचण्यांची रांग असते. कापडाच्या दोन थरांतून एकेक टाचणी जात राहते, ओठांतली रांग तुटत जाते, बोलणे अर्थातच बंद असते, आणि शेवटची टाचणी गेली की मोकळ्या झालेल्या ओठांतून, समोरच्या दोन दातांमधल्या फटीतून, शीळ निघते. ते कुठल्या गाण्याचे वळण आहे हे मला कधीच ओळखता आले नाही. पाच-सहा सुरांची एक ओळ. ती वर चढते, तिथे क्षणभर थांबते, टाचणी कुठे लावावी असा विचार केल्यासारखी, आणि मग काही न लावताच खाली उतरते. आपण शीळ घालतो आहोत याचे हिला भान नसते. निदान मी तसे समजत होतो.

पहिल्यांदा ती ऐकली तेव्हा लग्नाला तीन आठवडे झाले होते. आमची खोली तेव्हा एवढीशी होती, की एकाने हात पसरले तर दुसऱ्याने ते मिटेपर्यंत थांबावे. मी तंत्रनिकेतनातून बाहेर पडून मापयंत्रे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नुकताच लागलो होतो, आणि ज्याला त्याला 'पुन्हा एकदा घेऊन पाहू' म्हणण्याची नवी सवय अंगात मुरत होती. एक वाचन म्हणजे वाचन नव्हे, तीन हवीत. त्या सवयीने मी उत्साहाने म्हणालो, "अगं, काय सुंदर! पुन्हा घाल ना." ती वळली, कानापर्यंत लाल झाली, आणि शीळ नाहीशी झाली. एक दिवस नव्हे, तीन महिने. टाचण्या संपत, ओठ मोकळे होत, आणि खोलीत फक्त कात्रीचा आवाज राही. हिला लहानपणी एका आत्याने शीळ घालण्यावरून चारचौघांत झापले होते, हे मला पुढे कधीतरी कळले. तीन महिन्यांनी एका सकाळी ती आपली आपण परत आली, तेव्हा मी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. त्या दिवसापासून अडतीस वर्षे मी त्या शिळेविषयी घरात एक अक्षर काढलेले नाही. काही यंत्रे अशी असतात, की माणूस जवळ गेला तरी त्यांचा काटा हलतो. ती दूर उभे राहूनच वाचावी लागतात.

मी चष्मा नीट केला, टेबलाला धरून खाली बसलो, आणि गुडघ्यांनी आपापली तक्रार नोंदवल्यानंतर जमिनीवर ओणवा झालो.

"अहो, जमिनीवर काय शोधताय? दात तर माझे पडायचेत."

ही स्वयंपाकघराच्या दारात ओले हात पदराला पुसत उभी होती. दात हलायला लागल्यापासून हिला दातांवरचे विनोद सुचू लागले होते. मला एकही सुचत नव्हता.

"एक वस्तू पडली."

"केवढी?"

मी करंगळी दाखवली.

"करंगळी पडली?"

"नख. म्हणजे नखाएवढी. मोबाइलचं मेमरी कार्ड."

"असं म्हणा की. काय आहे त्यात?"

"प्रयोगशाळेचे जुने कागद," मी म्हणालो. खोटे बोलताना मी पुरेशी तयारी करत नाही, हा माझा जुना दोष आहे.

"पाच वर्षं झाली सुटून, आणि कागद अजून पाठ सोडत नाहीत होय?" असे म्हणून ही आत गेली आणि घोड्याच्या नालासारखे ते लाल चुंबक घेऊन आली, ज्याने ही रोज संध्याकाळी सांडलेल्या टाचण्या गोळा करते. "सरका. मी फिरवते."

"चुंबक नको!" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की ही दोन पावले मागे गेली. वस्तुतः असल्या कार्डाला घरातल्या चुंबकाने काही होत नाही. आत फिती नसतात, चकत्या नसतात. विजेचे अतिसूक्ष्म भार कप्प्याकप्प्यांत कोंडलेले असतात आणि चुंबकाशी त्यांचे काही देणेघेणे नसते. हे मी स्वतः दुसऱ्यांना समजावून सांगितलेले आहे. पण ओरडताना मला शिक्षण आठवले नाही, फक्त शीळ आठवली.

"बरं बाई," ही चुंबक पाठीमागे धरून म्हणाली, "फार मोलाचे कागद दिसतात."

मी हिच्या टेबलावरचा खडू घेतला आणि जमिनीवर चौकटी आखू लागलो. दोन वितींची एक चौकट, अशा चोवीस. एकेक चौकट डावीकडून उजवीकडे बोटांनी चाचपायची, झाली की कोपऱ्यात खूण करायची. पद्धत असली की हात थरथरत नाहीत. चौथ्या चौकटीत एक शर्टाचे बटण मिळाले, सहावीत मुलीच्या शाळकरी वयातला एक मणी, आणि या वस्तू इतकी वर्षे इथेच होत्या तर रोजचे केर काढणे म्हणजे नेमके काय होते, असा प्रश्न मनात आला. तो मोठ्याने विचारण्याइतका मी नवखा नवरा नव्हतो. सातवीत काही नव्हते. हात जमिनीवर फिरत होते आणि मला ते दुकान आठवत होते, जिथे चार वर्षांपूर्वी मी हे कार्ड घेतले. दुकानदार म्हणाला होता, "आजोबा, आता कार्डं कोण घेतं? सगळं वर साठतं." आणि त्याने बोट छताकडे केले. मी छताकडे पाहिले. तिथे एक पंखा होता. "वर म्हणजे कुठे?" मी विचारले, तर म्हणाला, "कुठेतरी असतं. लांब." मी त्याला सांगितले, की जी वस्तू कुठेतरी असते ती माझ्या हिशेबी हरवलेली असते, मला डबीत राहील अशी आठवण द्या. तो हसला आणि ड्रॉवरच्या तळातून हे काढून दिले. घरी येऊन मी ते मोबाइलमध्ये बसवले, तेव्हा पडद्यावर 'जागा वाढली' अशा अर्थाची एक ओळ आली. साठाव्या वर्षानंतर माणसाला ही ओळ सहसा कुणी दाखवत नाही. मी ती पुन्हा पुन्हा वाचली.

नववी चौकट. त्या वेळी हिच्या दातांच्या डॉक्टरने प्रथमच मान हलवून म्हटले होते, की समोरचे दोन फार वर्षे टिकतील असे दिसत नाही. घरी येताना ही दुधाविषयी बोलत होती आणि मी फटीविषयी विचार करत होतो. दुसऱ्या दिवसापासून मी टिपायला लागलो. मोबाइल वर्तमानपत्राखाली ठेवायचा. ही टेबलाशी गेली की आधीच सुरू करून ठेवायचा, कारण कुठलेही यंत्र वाचनापूर्वी काही मिनिटे तापू द्यावे हा नियम आहे. ध्वनिमुद्रणाच्या सोयीत एक पर्याय होता, आवाज स्वच्छ करण्याचा: मागची घरघर, पंखा, रस्ता हे सारे गाळून टाकणारा. तो मी अर्थातच चालू केला. आंधळेपणाने नव्हे, चाचणी घेतली. स्वतःच्या आवाजात 'एक, दोन, तीन' म्हटले, परत ऐकले, आवाज काचेसारखा स्वच्छ आला. मग काम सुरू केले. प्रत्येक शिळेला क्रमांक, दिनांक, वेळ. काम झाले की कार्ड काढून डबीत, आणि डबी माझ्या जुन्या अवजारांच्या खणात, जिथे ही कधी हात घालत नाही.

आणि एकदाही परत ऐकले नाही. हे इथे स्पष्ट केले पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. आमच्या प्रयोगशाळेत एका काचेच्या कपाटात एक वजन होते, एक किलोचे, घंटेच्या आकाराच्या काचेखाली. ते मूळ वजन. त्याला कुणी हात लावत नसे. रोजच्या तपासणीला त्याच्या बरोबरीची कामाची वजने असत. ती झिजत, त्यांना बोटांचा घाम लागे, मग त्यांची तुलना वर्षातून एकदा मूळ वजनाशी होई, तीही चिमट्याने, हातमोजे घालून. पहिल्याच आठवड्यात मी कौतुकाने त्या काचेला बोट लावले, तर आमचे मोठे साहेब मागून म्हणाले, "जे वापरतो ते झिजतं. जे जपायचं ते वापरायचं नाही." सगळ्यांसमोर म्हणाले. त्या दिवसापासून माझे नाव 'काटा' पडले, कारण त्यानंतर मी इतका सरळ झालो. तेहतीस वर्षांत त्या वजनाला माझे बोट पुन्हा लागले नाही. तर शीळ हे माझे मूळ वजन होते. ज्या दिवशी कामाची शीळ संपेल, त्या दिवशी काच उघडायची, असे ठरले होते. दुसरी प्रत का केली नाही? मुलीच्या संगणकावर करता आली असती. मग मुलीने विचारले असते, मुलीने आईला सांगितले असते, आणि तीन महिन्यांचा तो सन्नाटा या वयात मला परवडण्यासारखा नव्हता.

पंधरावी चौकट झाली. ही एवढा वेळ खुर्चीत बसून मला पाहत होती.

"काटेसाहेब," ही म्हणाली. हे नाव हिला माझ्या निरोपाच्या समारंभात कळले, तेव्हापासून विशेष प्रसंगी वापरते. "जरा उभे राहा."

"थांब, नऊ राहिल्या आहेत."

"उभे राहा म्हणते ना. आणि हलू नका, श्वाससुद्धा जपून घ्या."

मी उभा राहिलो. ही खुर्चीतून उठली, माझ्यासमोर खाली बसली आणि माझ्या पँटच्या डाव्या पायाची दुमड दोन बोटांनी उलटली. तळहातावर कार्ड आले. काळे, नखाएवढे, सोबत कापडाच्या धाग्यांचा पुंजका.

"तेवीस वर्षं टाचण्या हरवल्यात मी," ही म्हणाली. "जमिनीवर कधीच नसतात. माणसाच्या अंगावर असतात." पँटचे पाय मला लांब होतात म्हणून ती दुमड हिनेच घातलेली आहे. म्हणजे मी पाऊण तास जी वस्तू शोधत होतो ती माझ्याबरोबर चौकटीचौकटींतून रांगत होती.

मी हात पुढे केला. हिने मूठ मिटली.

"आधी कागद दाखवा."

"काय दाखवायचं त्यात? आकडे आहेत."

"तुम्ही चुंबकावर ओरडलात. अडतीस वर्षांत माझ्यावर दोनदा ओरडलात, पहिल्यांदा दूध उतू गेलं तेव्हा. आकड्यांसाठी नाही ओरडणार तुम्ही." हिने मोबाइल घेतला, कार्ड स्वतः खाचेत बसवले, माझ्यापेक्षा हलक्या हाताने, आणि यादी उघडली. दोनशे बारा ओळी. प्रत्येकीच्या सुरुवातीला मी 'शी' हे अक्षर घातले होते.

"शी एक, शी दोन, शी तीन," ही वाचू लागली, आणि डोळे माझ्यावर रोखले. "अहो, काय आहे काय हे?"

काच उघडली गेली होती. मी खुर्चीत बसलो आणि सांगितले. सगळे सांगितले: तीन आठवडे, तीन महिने, वर्तमानपत्र, फट, डबी. सांगताना मी खाली खडूच्या चौकटींकडे पाहत होतो. मग हिने अगदी हळू विचारले, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"मी घालते ते."

"अडतीस वर्षं."

हिने पदराने नाक पुसले आणि एकदम म्हणाली, "मग ऐकू या. चारला तर जायचंच आहे." आणि पहिली ओळ दाबली.

कात्री ऐकू आली, कर्र कर्र. टाचण्या डब्यात पडल्याचा आवाज. खुर्ची सरकली. हिचा खोकला. आणि मग, जिथे शीळ असायला हवी, तिथे काहीच नव्हते. मी मोबाइल कानाशी धरला. पुन्हा कात्री. शांतता, कापसासारखी, कडा कापलेली. मी दुसरी ओळ लावली, मग शंभरावी, मग आज सकाळची. कुठल्याही गठ्ठ्यातून तीन नमुने पुरेत; मी चार घेतले. आणि चौथ्या वेळी मला 'एक, दोन, तीन' आठवले. ज्यांनी ते गाळणे तयार केले त्यांनी ते माणसाच्या बोलण्यासाठी केले होते. बोलणे चढते, पडते, अडखळते, ते ठेवायचे. बारीक, सरळ, एकसारखा सूर मात्र पंख्याचा असतो, किटलीचा असतो, बिघडलेल्या दिव्याचा असतो. तो काढून टाकायचा. यंत्राने माझी आज्ञा तंतोतंत पाळली होती. चार वर्षे, दोनशे बारा वेळा, त्याने घरातली एकच वस्तू नेमकी हुडकून बाहेर फेकली होती. मी बोलण्याने तपासले आणि शिळेसाठी वापरले. प्रयोगशाळेत कुणी असे केले असते तर मी त्याला महिनाभर वजने पुसायला लावले असते.

"गेली," मी म्हणालो. "एकही नाही. मीच काढून टाकली."

ही हसत होती. आधी मला वाटले रडते आहे, कारण खांदे हलत होते. "अहो," हिला बोलवत नव्हते, "अहो, ऐका ना हे. काय हे!"

"कात्री आहे."

"कात्री नाही. कात्रीच्या मागे. ऐका."

मी ऐकले. कात्रीच्या मागे, वर्तमानपत्राच्या अगदी जवळ, कुणी एक माणूस घोगऱ्या आवाजात, जाडेभरडे, बेसूर, पुटपुटत होता: डम, डम, डडम. थांबला. पुन्हा: डम, डम, डडम.

"हा कोण?"

"कोण म्हणजे? तुम्ही!"

"मी गुणगुणत नाही."

"रोज गुणगुणता. पेपर वाचताना. लग्न झाल्यापासून. तुमची ती चाल ऐकली की मला राहवत नाही, मग माझी आपोआप येते. आधी तुम्ही, मग मी. मला वाटायचं, तुम्हाला ठाऊकच नाही तुम्ही काय करता ते. बोलले तर बंद कराल. तुमचा स्वभाव तो, लगेच सरळ व्हाल." हिने डोळे पुसले. "म्हणून नाही बोलले कधी."

माझ्या हातात पुरावा होता, म्हणून मी तो तपासला. दुसरे काय करायचे ते मला सुचले नाही. एकशे चाळिसावी ओळ, जिच्यात तापण्यासाठी अकरा मिनिटे सोडली होती. तिसऱ्या मिनिटाला डम, डम, डडम. मग सहा सेकंद रिकामे. मग पुन्हा डम, किंचित वरच्या पट्टीत, आणि पुन्हा सहा सेकंद. एखाद्या प्रश्नपत्रिकेसारखे होते ते: प्रश्न, खाली उत्तराला मोकळी जागा, प्रश्न, मोकळी जागा. त्या जागेत शीळ बरोबर मावत होती. मग त्या तीन महिन्यांत कोण आधी गप्प झाले होते? लाजलेल्या बायकोकडे पाहून घाबरलेला, वर्तमानपत्राआड ताठ बसलेला तो नवा नवरा पुटपुटला तरी असेल का? हे आता कुठल्याच कार्डात सापडणार नव्हते. पण अडतीस वर्षे ज्याला मी दुरून वाचत होतो त्या यंत्राचा अर्धा भाग मीच होतो, हे कळल्यावर खुर्चीत नीट बसवेना.

"बरं, आता घालते," ही म्हणाली. "एकदाची टिपून घ्या नीट."

मी ते गाळणे बंद केले. या वेळी किटली ठेवून तिच्या शिट्टीवर चाचणी घेतली. आली, लख्ख आली. मोबाइल टेबलावर उघडा ठेवला. ही ताठ बसली, ओठ जुळवले, आणि फुस्स अशी हवा निघाली. पुन्हा फुस्स. "तुम्ही सुरू करा आधी," ही म्हणाली. मी तोंड उघडले. डावा पाय आधी टाकू की उजवा असे विचारल्यावर चालता न येणाऱ्या माणसासारखे झाले. "डम," मी म्हणालो. ते दार वाजवल्यासारखे वाटले. माझ्या मनात आले, की बोललो. बोलायला नको होते. चार वाजता दात जातील, पण शीळ आत्ता, या टेबलाशी, आम्ही दोघांनी मिळून घालवली.

दीड वाजला. ही बराच वेळ जिभेने दात चाचपत होती. मग म्हणाली, "ती तुमची पाती कुठंयत?"

"कुठली?"

"ती पंख्यासारखी उघडतात ती. फट मोजायची."

माझ्या जुन्या अवजारांत पोलादी पात्यांची ती जुडी आहे, प्रत्येक पात्यावर जाडी कोरलेली, मिलिमीटरच्या शतांशांत. यंत्राच्या दोन भागांतले अंतर मोजायला वापरतात. चार वर्षे मी शीळ साठवायच्या मागे होतो, आणि शीळ जिथून येते ती जागा मोजावी हे मला, तंत्रनिकेतनात शिकलेल्या माणसाला, सुचले नव्हते. ते बेतणारीला सुचले. तिला कपडा जपण्यापेक्षा माप जपणे कळते. मी पाती दहा मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवली. ही खिडकीपाशी तोंड उघडून बसली.

"हळू हं. हलतायत."

"बोलू नकोस. वाचन बिघडतं."

नव्वद आणि पाच ही दोन पाती जोडून अलगद गेली. शंभरचे गेले नाही. तीन वाचने घेतली, तिन्ही तीच. इतक्या वर्षांत हिच्या दातांकडे मी इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. डाव्या दाताला, ओठांत टाचण्या धरून धरून, एक बारीक खाच पडली होती. मी तिचीही नोंद केली.

दातांची डॉक्टर मुलीच्या वयाची होती. नवे दात याच मापाने बसवा म्हणून दिलेला माझा कागद तिने दोनदा वाचला. 'फट: शून्य दशांश पंचाण्णव मिलिमीटर जाते, एक मिलिमीटर जात नाही. वाचने तीन. डाव्या दाताला खाच, सोबत आकृती.' खाली सही आणि दिनांक.

"आजोबा, लोक माझ्याकडे फट बुजवायला येतात."

"आमची उघडी ठेवा," ही खुर्चीत चढता चढता म्हणाली.

"का पण, आजी?"

हिने माझ्याकडे पाहिले. "ह्यांचं काम अडतं."

मला बाहेर बसवले. दार अर्धवट लोटलेले होते. समोर भिंतीवर हसऱ्या जबड्याचे चित्र, जमिनीवर चौकोनी फरशा. एका ओळीत चौदा, ओळी नऊ. खिशात मोबाइल होता, त्यात कार्ड, गाळणे बंद, सगळे सज्ज. नेमकी साठवायची वस्तूच उरलेली नव्हती. आत चकचकीत तबकात काहीतरी वाजले. पाणी खळखळले. फरशा पुन्हा मोजाव्यात म्हणून मी दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. कधीतरी माझ्या लक्षात आले, की टेबलाशी बसलेली मुलगी वहीवरून मान वर करून माझ्याकडे पाहते आहे आणि ओठ दाबून हसते आहे. मी मागे वळून पाहिले. मागे कुणी नव्हते. मग मला आवाज ऐकू आला. घोगरा, जाडाभरडा, बेसूर. डम, डम, डडम. तो माझ्यातून येत होता. कान गरम झाले, आणि जीभ तिथल्या तिथे थांबणार होती, सरळ होणार होती. पण प्रश्न विचारून झालेला होता. खाली सहा सेकंदांची जागा उरली होती.

लोटलेल्या दाराआडून ती आली. वर चढली, क्षणभर थांबली.

"अहो आजी! ओठ सैल सोडा! शीळ काय घालताय, भुलीची सुई आहे माझ्या हातात!"

तरीही उतरली, पूर्ण उतरली, शेवटच्या सुरापर्यंत.

माझा हात खिशाकडे गेला होता. मोबाइल काढायचा तर चष्मा बदलावा लागणार, बटण शोधावे लागणार, आणि तेवढ्या वेळात तोंड बंद राहणार. आत ही वाट पाहत असेल, ओठ जुळवून, डॉक्टरला एका हाताने थोपवून धरून. मी हात पुन्हा गुडघ्यावर ठेवला आणि, किंचित वरच्या पट्टीत, पुढचा प्रश्न विचारला.